राहणं टोरांटोत, जीव मॉन्ट्रियलवर

सोमवार, ७ ऑक्टोबर २०२४, टोरांटो

बुधवारी मॉन्ट्रियलच्या बेल सेंटरला नव्या सीझनची पहिली मॅच आहे, मॉन्ट्रियल कॅनेडियन्स विरुद्ध टोरांटो मेपल लीफ्स, आणि आम्हाला तिकिटं मिळालीत, मला आणि बाबांना. आइस हॉकीशी ज्यांचा संबंध नाही त्यांना एवढंच सांगते की ह्या दोन टीमचं वैर शंभर वर्षांच्या वरचं आहे. कॅनेडियन्स, ज्यांना सगळे हॅब्स म्हणतात, ती १९०९ ची टीम, २४ स्टॅनले कप (एनएचएल ह्या लीगची ट्रॉफी) नावावर. लीफ्सचे १३, त्यातला शेवटचा १९६७ चा, तोही मॉन्ट्रियललाच हरवून घेतलेला, आणि त्यानंतर आजपर्यंत एकही नाही. मी वाढले टोरांटोत, स्कारबरोमध्ये, शाळा कॉलेज नोकरी सगळं इथलंच, आणि मी लहानपणापासून हॅब्सची. बाबा लीफ्सचे. त्यामुळे एका घरातून एकाच मॅचला निघालेले आम्ही दोघं, एकाच्या बॅगेत निळी जर्सी आणि एकीच्या बॅगेत लाल.

ट्रेन उद्या सकाळची आहे, पण मी म्हटलं प्रवास आजच सुरू करू, आणि ऑफिसातून लवकर सुटून बाबांना डाउनटाउनला बोलावून घेतलं. यंग आणि फ्रंट स्ट्रीटच्या कोपऱ्यावर हॉकी हॉल ऑफ फेम आहे, जुन्या बँकेच्या इमारतीत, वर रंगीत काचांचा घुमट. ती बँक कुठली तर बँक ऑफ मॉन्ट्रियल! १८९२ मध्ये लॉर्ड स्टॅनलेंनी दिलेला मूळ कप, म्हणजे चांदीचं भांडं, तिथल्या जुन्या तिजोरीत ठेवलंय, आकाराने अगदी लहान, आपल्याकडच्या एखाद्या मध्यम पातेल्याएवढं. आणि आत मॉन्ट्रियल फोरममधल्या, म्हणजे हॅब्सच्या जुन्या रिंकमधल्या, त्यांच्या ड्रेसिंग रूमची प्रतिकृती आहे, टोरांटोच्या ऐन मध्यात. शाळेच्या सहलीत पहिल्यांदा इथे आले तेव्हा सगळी पोरं लीफ्सच्या वस्तूंकडे पळाली आणि मी ह्या खोलीत उभी राहिले. आजही तिथेच जास्त वेळ गेला. बाबा शांतपणे थांबले, त्यांना माहितीये.

मग कार्लटन स्ट्रीट. मेपल लीफ गार्डन्स, १९३१ पासून १९९९ पर्यंत लीफ्सचं घर, बाहेरून पिवळ्या विटांची इमारत अजून तशीच आहे पण खालच्या मजल्यावर आता लॉब्लॉजचं सुपरमार्केट आहे. (वरच्या मजल्यावर युनिव्हर्सिटीची रिंक आहे, म्हणजे बर्फ अजून आहे त्या इमारतीत, ह्याचं मला फार बरं वाटतं.) आयल २५ मध्ये फरशीवर एक लाल ठिपका आहे, जुन्या रिंकचं सेंटर आइस बरोब्बर तिथे होतं. नवरात्र चालू आहे, आईचे नऊ दिवसांचे उपास, तेव्हा रताळी आणि केळी घ्यायचीच होती. ती पिशवी खाली ठेवून बाबा त्या ठिपक्यावर उभे राहिले आणि म्हणाले, "इथे गिल्मर उभा राहायचा गं." (डग गिल्मर, १९९३ च्या लीफ्सचा हिरो.) मी लीफ्सच्या विरोधात आयुष्य घालवलंय तरी त्या ठिपक्यावरून ट्रॉली न्यायला मला आवडत नाही, मी वळसा घालून जाते.

मंगळवार, ८ ऑक्टोबर, ट्रेन

युनियन स्टेशनवरून सकाळची गाडी, मॉन्ट्रियलपर्यंत पाचेक तास. पोर्ट होप आणि कोबर्गच्या आसपास लेक ओंटारियो अगदी रुळांच्या जवळ येतो, उजवीकडची खिडकी मिळाली तर घ्या. झाडं रंगायला लागलीयेत, पूर्ण लाल व्हायला अजून एखादा आठवडा लागेल. आईने डब्यात दिलेलं थालीपीठ आणि दही ऑशवाच्या आधीच संपलं.

प्रवासात बोलायला वेळ होता म्हणून बाबांशी १९९३ च्या सीझनचा विषय निघाला, तो निघतोच. ते सगळं इथे लिहून ठेवते.

आम्ही कॅनडात उतरलो ते मॉन्ट्रियलला, १९९२ च्या शरद ऋतूत, मिराबेल विमानतळावर. बाबा पिंपरीला टेल्कोत (आताची टाटा मोटर्स) होते, ते सोडून आलेले. कोत-दे-नेज भागात तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्या, मी नऊ वर्षांची, इंग्रजी थोडं यायचं आणि फ्रेंच शून्य, आणि क्युबेकच्या कायद्याप्रमाणे बाहेरून आलेल्या मुलांना फ्रेंच शाळेत जावं लागतं, तर मला नवीन मुलांच्या वर्गात घातलं. तिथे व्हिएतनामची, लेबनॉनची, हैतीची, पेरूची पोरं होती, कुणालाच कुणाची भाषा येत नव्हती, पण मधल्या सुट्टीत सगळ्यांच्या हातात प्लास्टिकच्या स्टिक आणि टेनिसचा बॉल. कुणी विचारलं नाही तुला येतं का. एक स्टिक हातात दिली आणि उभं केलं. मला आजही वाटतं की एखाद्या देशाने लहान मुलाचं याहून चांगलं स्वागत करू नये, करूच शकत नाही.

शेजारी एक फ्रेंच आजोबा एकटे राहायचे. शनिवारी रात्री त्यांच्याकडे टीव्हीवर मॅच लागायची आणि ते दार उघडं ठेवायचे, म्हणजे ये. आईला आधी काळजी वाटायची मग तीच पोहे घेऊन यायला लागली. त्यांनी नातवाची लहान झालेली लाल जर्सी मला दिली, मागे ३३ नंबर, पॅट्रिक रुआचा. हॅब्सचा गोली, म्हणजे गोलकीपर. त्या वर्षी प्लेऑफमध्ये (सीझननंतरच्या बाद फेऱ्या, त्यातून कप ठरतो) हॅब्स पहिल्याच फेरीत क्युबेक नॉर्डिक्सशी पहिल्या दोन मॅच हरले, आजोबा डोकं धरून बसले, आणि मग ओळीने चार जिंकले. त्या प्लेऑफमध्ये हॅब्सच्या ११ मॅच ओव्हरटाइमला गेल्या, पहिली हरले आणि उरलेल्या १० च्या १० जिंकले. अशी गोष्ट हॉकीत त्याआधी नव्हती झाली. दहा वेळा पुढचा एक गोल म्हणजे सगळं संपलं, आणि दहाही वेळा रुआ उभा राहिला.

आणि त्या सगळ्याच्या ऐन मधोमध, मे महिन्यात, बाबांना स्कारबरोत नोकरी लागली आणि भाड्याच्या ट्रकमध्ये सामान भरून आम्ही ४०१ हायवेवरून टोरांटोला आलो.

टोरांटो त्या मेमध्ये निळं झालेलं होतं. लीफ्स सेमीफायनलला लॉस एंजेलिस किंग्जशी खेळत होते, एक फेरी जिंकले की फायनलला समोर मॉन्ट्रियल, सगळ्या देशाला हीच फायनल हवी होती. नव्या शाळेत मी गेले ती लाल जर्सी घालून, माझ्याकडे अभिमानाने घालावं असं तेवढंच होतं. पोरं जे बोलायची ते बोलली. मी जर्सी काढली नाही. २७ मेला सहाव्या मॅचमध्ये किंग्जच्या ग्रेट्स्कीची स्टिक गिल्मरच्या हनुवटीला लागून रक्त आलं आणि रेफ्रीने पेनल्टी दिली नाही, त्याच ग्रेट्स्कीने पुढे ओव्हरटाइममध्ये गोल मारला. २९ मेला गार्डन्समध्ये सातवी मॅच, ग्रेट्स्कीची हॅटट्रिक, ५-४. लीफ्स बाहेर. ह्या शहरात आजही कुणा पन्नाशीच्या माणसाला त्या न दिलेल्या पेनल्टीबद्दल विचारा, अर्धा तास गेला समजा.

बाबा त्याच महिन्यात लीफ्सचे झाले. नवीन ऑफिस, आजूबाजूला सगळे गिल्मर गिल्मर करणारे, डब्याच्या वेळेला दुसरा विषय नाही. त्यांचं म्हणणं तेव्हापासून आजपर्यंत एकच, ज्या गावात अन्न खातो त्या गावाचं व्हावं. माझं म्हणणं वेगळं आहे. ज्या गावाने आधी हात धरला ते गाव सोडू नये. आज किंग्स्टनच्या पुढे (गिल्मर मूळचा किंग्स्टनचा, बाबा खिडकीतून बघत बसतात) मी त्यांना हे पुन्हा म्हटलं तर ते म्हणाले, "अगं पण मग पुणं कुठे गेलं?" मी म्हटलं, पुण्यात हॉकीची टीम असती तर बघितलं असतं बाबा.

९ जूनला हॅब्सनी किंग्जना पाचव्या मॅचमध्ये ४-१ हरवून कप घेतला. मी स्कारबरोच्या हॉलमध्ये सोफ्यावर उड्या मारत होते आणि बाहेर रस्त्यावर एक हॉर्न नाही, एक आवाज नाही. दुसऱ्या दिवशी शाळेत हे सांगायला कुणी नव्हतं. आईने मॉन्ट्रियलला फोन लावून दिला आणि आजोबा आणि मी नुसते हसत होतो फोनवर, बोलण्याइतकी भाषा दोघांकडेही नव्हती. त्यानंतर हॅब्सनी कप जिंकलेला नाही, आणि कॅनडातल्या दुसऱ्या कुठल्याच टीमनेही नाही.

एक गोष्ट लोकांना कळत नाही ती सांगते. गावातल्या टीमच्या विरोधात राहायचं तर ती टीम रोज बघावी लागते. हॅब्सच्या मॅच टोरांटोत तेव्हा क्वचित दिसायच्या, लीफ्सच्या कायम. म्हणजे माझं बालपण लीफ्स बघण्यातच गेलं, दुसऱ्या बाजूने ओरडत. लीफ्सच्या सुंडीनचा बॅकहँड, त्यांचा गोली जोसेफचे सेव्ह, २००४ मध्ये फिलाडेल्फियाच्या रोनिकने ओव्हरटाइमला मारलेला गोल, २०१३ मध्ये बॉस्टनविरुद्ध सातव्या मॅचला तिसऱ्या पिरियडमध्ये ४-१ ने पुढे असून हरणं, मला सगळं तोंडपाठ आहे, बाबांपेक्षा जास्त. २०१३ च्या त्या रात्री मी खूश होते, हो होते, पण बाबा टीव्ही बंद करून तसेच बसून राहिले तेव्हा चहा मीच केला आणि त्यांच्याशेजारी बसले. लीफ्स हरावेत असं मला मनापासून वाटतं. बाबा हरावेत असं कधीच वाटत नाही. हे दोन्ही एकाच वेळी खरं असतं आणि गावातल्या टीमच्या विरोधात वाढलेल्या प्रत्येकाला ते माहीत असतं.

दुपारी गार सांत्राल, मॉन्ट्रियलचं मुख्य रेल्वे स्टेशन. स्टेशनमधून जमिनीखालच्या रस्त्याने हॉटेल, बाहेर जावंच लागलं नाही. संध्याकाळी थोडं फिरलो, लवकर झोपलो.

बुधवार, ९ ऑक्टोबर, मॉन्ट्रियल

सकाळी मेट्रोने कोत-दे-नेज. आमची बिल्डिंग आहे, बाल्कन्या बदलल्यात, खाली फिलिपिनो किराणा दुकान आहे. आजोबा जाऊन वर्षं झाली. बाबा तिसऱ्या मजल्याकडे बघून म्हणाले, "हीटर चालायचा नाही गं तुझ्या खोलीतला." मला हीटर आठवत नाही, मला उघडं दार आठवतं.

तिथून चालत नोत्र-दाम-दे-नेज स्मशानभूमी, डोंगराच्या उतारावर, प्रचंड मोठी. मोरिस रिशारची कबर इथे आहे. रॉकेट रिशार, १९४४-४५ मध्ये ५० मॅचमध्ये ५० गोल मारणारा पहिला माणूस. पण क्युबेकमध्ये तो नुसता खेळाडू नव्हता. मार्च १९५५ मध्ये लीगचे अध्यक्ष क्लॅरन्स कॅम्पबेल यांनी त्याला उरलेला सीझन आणि प्लेऑफसाठी बाहेर काढलं, आणि १७ मार्चला तेच कॅम्पबेल फोरममध्ये मॅच बघायला येऊन बसले तेव्हा लोक भडकले, अश्रुधुराचं नळकांडं फुटलं, मॅच बंद, सांत-कातरीन रस्त्यावर रात्रभर दंगल. फ्रेंच माणसाला कारखान्यात इंग्रजी बोलणारा साहेब, दुकानात इंग्रजी बोलणारा मालक, आणि बर्फावर मात्र आपला एक माणूस सगळ्यांच्या पुढे, आणि त्यालाच बाहेर काढलं, हा राग त्यात होता. हे कळल्यावर माझं ह्या टीमवरचं प्रेम अजून पक्कं झालं. कबरीवर कुणीतरी दोन पक आणि एक लहान झेंडा ठेवलेला. बाबांनी टोपी काढली. निळी टोपी, लीफ्सची, काढून हातात धरली आणि नमस्कार केला.

मग अ‍ॅटवॉटर मेट्रोला उतरून जुना फोरम. ११ मार्च १९९६ ला इथली शेवटची मॅच झाली, आणि त्यानंतर रिशारचं नाव घेतल्यावर लोकांनी इतका वेळ टाळ्या वाजवल्या की म्हाताऱ्या रिशारच्या डोळ्यांत पाणी आलं. ते मी टोरांटोत टीव्हीवर बघितलं होतं आणि मीही रडले होते, आई म्हणाली काय झालं, सांगता आलं नाही. आता आत सिनेमा थिएटरं आणि दुकानं आहेत, मधोमध सेंटर आइसची खूण आणि जुन्या खुर्च्यांचा एक तुकडा ठेवलाय. गार्डन्समध्ये निदान बर्फ राहिला. इथे नाही राहिला, आणि ह्या बाबतीत टोरांटोने मॉन्ट्रियलपेक्षा चांगलं केलं, हे मी मान्य करते.

तिथेच त्या जुन्या खुर्च्यांवर बसलेलो असताना दुपारी दोन वाजून गेल्यावर बाबांचा फोन वाजायला लागला, एकामागून एक, टेल्कोच्या जुन्या मित्रांचा ग्रुप. रतन टाटा गेले. भारतात तेव्हा मध्यरात्र झाली होती. बाबा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "आम्ही राजीनामा दिला तेव्हा चेअरमन तेच होते." मी विचारलं हॉटेलवर जायचं का, मॅच राहू दे. ते नको म्हणाले. आम्ही सां-व्हिएतरला बेगल खायला गेलो (नवरात्रात बाबा सामिष खात नाहीत म्हणून इथलं प्रसिद्ध स्मोक्ड मीट ह्या वेळी नाही), लाकडाच्या भट्टीतले गरम तिळाचे बेगल, आणि तिथे फुटपाथवर उभं राहून बाबांनी पिंपरीच्या दिवसांबद्दल जेवढं सांगितलं तेवढं मी आधी कधी ऐकलं नव्हतं. पहिली ४०७ (टाटांचा छोटा ट्रक) लाइनवरून बाहेर आली तो दिवस, कँटीनमधली गर्दी, सगळं.

संध्याकाळी बेल सेंटर. २१,१०५ सीट, लीगमधली सगळ्यात मोठी रिंक. बाहेर मोरेन्झ, रिशार, बेलिव्हो, लाफ्लर यांचे पुतळे. लाल गर्दीत निळ्या जर्सी शेकड्यांनी होत्या, टोरांटोहून लोक येतातच, आणि मला गंमत वाटली नाही, बरं वाटलं, कारण एवढ्या वर्षांत पहिल्यांदा बाबा परक्या रिंकमध्ये होते आणि मी घरी. आमच्या शेजारी बसलेल्या बाईंनी बाबांची जर्सी बघून हसून आधी फ्रेंचमध्ये मग इंग्रजीत विचारलं की तुम्ही बाप-लेक ना, आणि मग स्वतःच्या बॅगेतली चॉकलेटं दिली.

मॅच ७ नंतर सुरू झाली. लीफ्सचा नवा कोच बेरुबे, मॅथ्यूजची कॅप्टन म्हणून पहिली मॅच. आणि हॅब्सच्या कोल कॉफिल्डच्या पाठीवर २२ च्या ऐवजी १३. ऑगस्टच्या शेवटी ह्याच लीगमधला खेळाडू जॉनी गोद्रो आणि त्याचा भाऊ मॅथ्यू न्यूजर्सीत सायकलवरून जाताना गाडीच्या धडकेने गेले, बहिणीच्या लग्नाच्या आदल्या दिवशी. कॉफिल्डसारख्या छोट्या चणीच्या पोरांना गोद्रोने दाखवून दिलं होतं की ह्या लीगमध्ये जागा आहे, म्हणून कॉफिल्डने गोद्रोचा १३ नंबर घेतला. पहिल्या पिरियडमध्ये गोल कुणी मारावा? कॉफिल्डनेच. अख्खी रिंक उभी राहिली, मी उभी राहिले, आणि वळून बघते तर बाबाही उभे. लीफ्सचा माणूस, निळी जर्सी, टाळ्या वाजवतोय.

पुढे मग दोन पिरियड नुसता वेढा. लीफ्स येतायत, शूट करतायत, आणि हॅब्सचा गोली माँटेम्बो थांबवतोय. बेकांकूरचा पोरगा, क्युबेकचाच, ४८ शॉट आले, ४८ थांबवले. मॅथ्यूजचे, मार्नरचे, नायलँडरचे. मला ९३ आठवत होतं कारण गोली असा खेळायला लागला की समोरच्या टीमचे खांदे हळूहळू पडायला लागतात आणि ते लांबून पण दिसतं. बाबा प्रत्येक शॉटला "अरे घाल ना" म्हणत होते. शेवटची मिनिटं मी बघूच शकले नाही नीट, बाबांचा हात धरून बसले होते, एकमेकांच्या विरुद्ध गोष्टीसाठी देवाचा धावा करत. १-० संपलं. वर "मॉन्टी, मॉन्टी" सुरू झालं आणि मग "ओले, ओले" हे जिंकल्यावरचं गाणं. मी ते सोफ्यावर एकटीने गायले होते तेव्हा, आज वीस हजार माणसांबरोबर गायले.

बाहेर येताना बाबा म्हणाले, "गोली चांगला आहे तुमचा." तुमचा म्हणाले.

गुरुवार, १० ऑक्टोबर, परत

सकाळची ट्रेन, बाबा कॉर्नवॉलपर्यंत झोपले, नंतर टाटांच्या अंत्ययात्रेचे व्हिडिओ बघत होते. आईसाठी बेगल घेतलेत, दसऱ्यानंतर खाईल. जाणाऱ्यांसाठी सांगते, मॅचची रात्र असेल तर बेल सेंटरजवळचं हॉटेल आधी बघून ठेवा, आणि बोनाव्हेंचर किंवा लुसिएँ-लालिए ही दोन्ही मेट्रो स्टेशनं रिंकला आतूनच जोडलेली आहेत, थंडीत त्याचा फार उपयोग होतो.

संध्याकाळी घरी पोचलो तर दोन्ही टीमची लगेच मॅच, टीव्हीवर लीफ्स आणि माझ्या लॅपटॉपवर हॅब्स. लीफ्सनी न्यूजर्सीला ४-२ हरवलं. हॅब्स बॉस्टनकडून ६-४ हरले. बाबांनी जेवताना दोनदा स्कोअर वाचून दाखवला, आई म्हणाली पुरे आता. आता पुढची गाठ ९ नोव्हेंबरला, शनिवारी, इथे टोरांटोत, आणि बाबांनी आत्ताच सांगून ठेवलंय की तिकिटं ते काढणार आणि मी लालच घालून यायचं.